दर तासाला तीन मिनिटं: एका औषध वितरकाच्या डेटा इम्पोर्टचं प्रकरण

नागपूरच्या एका औषध वितरकाकडे २०२४ च्या मे-जूनमध्ये हे घडलं. फर्मचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. चूक माझी होती, ती बदललेली नाही.

पार्श्वभूमी

फर्म गांधीबागेतली. औषधांच्या होलसेल बाजारात जुना गाळा, वाडीला गोडाऊन, आणि वर्धा, चंद्रपूर, गोंदिया अशा तीन शाखा. प्रत्येक शाखेत एक बिलिंगचं सॉफ्टवेअर, त्याचा डेटा तिथल्याच कॉम्प्युटरवर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये. सॉफ्टवेअर जुन्या घडणीचं. दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस उघडतं आणि १ एप्रिलपासून बिल नंबर पुन्हा १ पासून सुरू करतं. गांधीबागेत मी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर एक मध्यवर्ती डेटाबेस बांधून दिला होता. शाखांची बिलं त्यात यायची (हाच इम्पोर्ट) आणि भाऊंना, म्हणजे मालकांना, स्टॉक आणि उधारी एका जागी दिसायची.

अगदी सुरुवातीला क्वेरीत, म्हणजे शाखेच्या डेटाबेसकडे बिलं मागणाऱ्या मजकुरात, तारीख हाताने लिहिलेली असायची. ऑपरेटर ताई रोज दुकान बंद करताना फाइल उघडायच्या, तारीख बदलायच्या, क्वेरी चालवायच्या. घरी जायच्या घाईत कधी तारीख बदलायची राहायची आणि परवाचीच बिलं पुन्हा यायची. मग मी तारखेच्या जागी व्हेरिएबल, म्हणजे दर वेळी नवी किंमत घेणारं नाव, घातलं: ‘काल’. क्वेरी रोज आपली आपणच ‘काल’ काढणार आणि त्या दिवसाची बिलं आणणार.

हे पावसाळ्यापर्यंत टिकलं. गोंदियाची नेटची लाइन दोन दिवस गेली, आणि ती परत आली तेव्हा ‘काल’ पुढे सरकून गेला होता. परवाचा दिवस कुणी मागितलाच नाही. म्हणून व्हेरिएबल बदललं: ‘मागची वेळ’. इम्पोर्ट संपला की घड्याळ बघून वेळ एका टेबलात लिहून ठेवायची. पुढच्या खेपेला शाखेला विचारायचं, या वेळेनंतर ज्या बिलांत काही नवं झालं किंवा बदललं, ती सगळी द्या. क्वेरीतली अट एका ओळीची होती:

बदलाची_वेळ > मागची_वेळ

आता लाइन दोन दिवस गेली तरी हरकत नव्हती, तिसऱ्या दिवशी तिन्ही दिवसांचं येत होतं. रात्री ११ ला चालणारा हा इम्पोर्ट दीड वर्ष बिनतक्रार चालला. त्यात एक भोक होतं. पण ते रात्री ११ लाच उघडायचं, आणि तेव्हा सगळ्या शाखांचे शटर खाली असायचे.

मधला एक किस्सा इथेच सांगून टाकतो. पहिल्या काही दिवसांत मी तारखेची अक्षरं क्वेरीच्या मजकुरात जोडून पाठवत होतो. ११ ऑक्टोबर म्हणजे ‘११/१०/२०२२’. शाखेच्या सर्व्हरवर लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्रजी होती, तिच्यात महिना आधी येतो, म्हणून त्याने ते १० नोव्हेंबर असं वाचलं. भविष्यातल्या तारखेनंतरची बिलं कुठून येणार? शून्य ओळी आल्या आणि इम्पोर्टने ‘यशस्वी’ असा निरोप दिला. या घोळाची खोड अशी, की महिन्याच्या १२ तारखेपर्यंत तो मुकाट चुकतो आणि १३ ला ओरडतो, कारण तेरावा महिना नसतो. मी तेव्हा मजकूर जोडणं सोडलं आणि तारीख हा तारखेच्याच प्रकारचा पॅरामीटर म्हणून, म्हणजे मजकुराबाहेरची वेगळी किंमत म्हणून, पाठवायला लागलो. एक खड्डा बुजवला की रस्ता झाला असं आपल्याला वाटतं, तसं मलाही वाटलं.

अडचण

एप्रिलमध्ये भाऊंनी तक्रार केली. एकच माल गांधीबागेतून एका गिऱ्हाइकाला आणि वर्ध्याहून दुसऱ्याला कबूल केला जात होता, कारण वर्ध्याची विक्री नागपूरला रात्रीच कळायची. “दर तासाला येऊ द्या ना आकडे,” ते म्हणाले. १ मे पासून मी इम्पोर्ट तासाच्या ठोक्याला लावला, सकाळी ११ ते रात्री ८. फक्त वेळापत्रक बदललं. क्वेरीला हात लावावा लागला नाही, आणि याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

६ जूनला, गुरुवारी, जीएसटीआर-१ ची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या विक्री-विवरणाची, तयारी सुरू झाली. ते विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. त्यातल्या तक्ता १३ मध्ये बिलांची मालिका द्यावी लागते: कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत, एकूण किती, त्यातली रद्द किती. हिशेब बघणारे काका, तीस वर्षं याच बाजारात काढलेले, ते काम मध्यवर्ती डेटाबेसवरून करतात. चंद्रपूरच्या मालिकेत मे महिन्याचे २,३१० नंबर व्हायला हवे होते. टेबलात बिलं होती २,२४१.

६९ नंबर गायब. काकांनी अजून एक गोष्ट बघितली. महिन्याभरात उधारीचं एकही बिल कमी नव्हतं. उधारीची बाकी पार्टीच्या खात्याशी जुळत होती. म्हणजे गेलेली सगळी बिलं रोखीची.

या धंद्यात अशा आकड्यांचा एकच अर्थ लागतो. रोखीचं बिल बनवायचं, पैसे घ्यायचे, गिऱ्हाईक गेलं की बिल उडवायचं. चंद्रपूरच्या काउंटरवर चौदा वर्षांपासून एकच गृहस्थ, दादा, बसतात. भाऊंनी काकांचा कागद बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “चौदा वर्षं झाली, आणि तो कॅश खाऊन राहिला?” काका काहीच म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मला फोन आला. काम स्पष्ट होतं: कोणी, कधी डिलीट केलं ते काढून द्या. शनिवारी दादांना नागपूरला बोलावलं आहे, त्याच्या आत.

गुरुवारची संध्याकाळ

हे प्रकरण लिहिताना मी सर्वांत जास्त वेळ या संध्याकाळपाशी अडलो.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत माझ्या मनात आलं होतं की हा इम्पोर्टचा घोळ असू शकतो. मे महिन्यात बदललेली गोष्ट एकच होती आणि ती मी बदलली होती. त्याच क्षणी भाऊंना उलट फोन करून एवढंच म्हणता आलं असतं, “थांबा, माझ्याकडून चूक असण्याची शक्यता आहे, शनिवारचं बोलावणं सोमवारवर टाका.” मी तसं केलं नाही. पुरावा नसताना कशाला बोला, आधी बघू, खात्री करू, मग सांगू. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. त्यात निम्मं शहाणपण होतं, निम्मी स्वतःची इभ्रत.

काकांच्या कागदावर एक ओळ आणखी होती, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. गोंदियात ९ नंबर कमी होते. ते ‘रद्द झाले असतील’ म्हणून सोडून दिले होते. गोंदियात भाऊंचा भाचा बसतो. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही, ६९ आणि ९ यांत फरक आहेच. पण चोरीच्या अंदाजाला गोंदिया अडचणीचा होता, आणि अंदाजाला अडचणीचा आकडाच आधी तपासायला हवा होता.

तपास

शुक्रवारी मी सर्वांत साधी गोष्ट केली, जी आदल्या दिवशी कुणीही केली नव्हती. चंद्रपूरच्या डेटाबेसात जाऊन बघितलं की ती ६९ बिलं तिथे आहेत का.

सगळी होती. औषधाचं नाव, बॅच, एक्सपायरी, रक्कम, सगळं जागच्या जागी. डिलीट काही झालंच नव्हतं. नागपूरला पोचलं नव्हतं, इतकंच.

मग ती ६९ बिलं वेळेसकट काढली आणि यादी खालपर्यंत वाचली. पहिल्या काही ओळी अशा: ११:५८, १:५९, ४:००, १२:५८, ५:५९, ५:५९, २:००. तारखा वेगळ्या, रकमा वेगळ्या, मिनिटं मात्र तीच तीन. ५८, ५९ आणि ००. साडेबाराचं, सव्वातीनचं एकही बिल त्यात नव्हतं. चोर काही घड्याळ लावून दर तासाच्या ठोक्याला चोरी करत नाही. ठोक्याला चालत होता तो माझा इम्पोर्ट.

आता तीन मिनिटांचा हिशेब. इम्पोर्ट नागपूरच्या घड्याळाने १:०० ला सुरू व्हायचा. चंद्रपूरचा कॉम्प्युटर दोन मिनिटं मागे होता. तिथे त्या क्षणी १२:५८ वाजलेले. म्हणजे शाखेच्या घड्याळाने १२:५८ पर्यंतची बिलं यायची. सगळं उरकायला साधारण एक मिनिट लागायचं आणि मग मी ‘मागची वेळ’ लिहायचो: १:०१. ही नागपूरची वेळ, आणि तीही काम संपल्याची. २:०० ला क्वेरी चंद्रपूरला विचारायची, १:०१ नंतरचं द्या. पण चंद्रपूरच्या घड्याळाने १२:५८ ते १:०१ या वेळात बनलेली बिलं पहिल्या खेपेला जन्मली नव्हती आणि दुसऱ्या खेपेला ‘जुनी’ ठरली. ती कुठल्याच खेपेत बसत नव्हती.

दर ६० मिनिटांत ३ मिनिटं म्हणजे ५ टक्के. २,३१० चे ५ टक्के साधारण ११५. मग गायब ६९ च का? कारण उधारीचा माल पोचवून पोऱ्या संध्याकाळी परतला की ऑपरेटर त्या बिलावर ‘पोच आली’ अशी खूण करतो. खूण केली की बिलाची बदलाची वेळ बदलते, आणि निसटलेलं बिल पुढच्या खेपेत आपोआप उचललं जातं. रोखीच्या बिलाला नंतर कुणी हात लावत नाही. ते निसटलं की निसटलं. गेलेली सगळी बिलं रोखीची, या ज्या गोष्टीमुळे चोरीचा संशय पक्का झाला होता, ती माझ्याच क्वेरीने घडवलेली होती.

वर्ध्याचं एकही बिल गेलं नव्हतं. तिथलं घड्याळ एक मिनिट पुढे होतं, आणि माझी एक मिनिटाची चूक त्याने बरोबर भरून काढली होती. दोन चुका एकमेकींना काटून शून्य झाल्या. गोंदियाचं घड्याळ अगदी बरोबर होतं, म्हणून तिथे तासाला एकच मिनिट गळत होतं. ते ९ नंबर.

शुक्रवारी रात्री दहाला हे सगळं माझ्या हातात होतं. आता उशीर झाला, सकाळी जाऊन समोर दाखवू, असं ठरवलं. शनिवारी साडेनऊला गांधीबागेत पोचलो, यादी भाऊंपुढे ठेवली आणि मिनिटांच्या रकान्यावर बोट ठेवलं. ते यादीच्या शेवटापर्यंत गेले. मग म्हणाले, “फोन करा त्याले, येऊ नका म्हणा.” चंद्रपूरचे दादा सकाळच्या बसने निघाले होते. वरोरा मागे पडलं होतं.

ते साडेअकराला आले आणि दुकानाच्या बाकावर बसले. भाऊंनी चहा मागवला, रिटर्नच्या कामासाठी बोलावलं होतं म्हणाले, काकांनी दोन कागदांवर सह्या घेतल्या. दादांनी सह्या केल्या आणि कुणालाच काही विचारलं नाही. कागदावर सही घ्यायला चंद्रपूरहून कुणी बोलावत नाही, हे त्यांना कळत असणारच.

पर्याय

११ तारखेच्या आत दोन कामं होती: मे महिन्याची गळालेली बिलं आणणं आणि पुढचं भोक बुजवणं. पाच वाटा समोर होत्या.

सगळ्यांची घड्याळं जुळवायची, ही भाऊंची सूचना. करायला सोपी, आणि केलीही. पण त्यावर विसंबणं मला नको होतं. कॉम्प्युटरच्या आतला घड्याळाचा बटन सेल संपला, नेट गेलं, कुणी चुकून तारीख बदलली की पुन्हा तेच. शिवाय घड्याळं तंतोतंत जुळली तरी इम्पोर्ट संपल्याची वेळ लिहिण्याची माझी चूक तशीच राहत होती.

वेळ सोडून बिल नंबरवर चालायचं: शेवटचा आणलेला नंबर लक्षात ठेवा, त्यापुढचे आणा. नव्या बिलांसाठी हे चोख. पण जुनं बिल दुरुस्त झालं, रद्द झालं, माल परत आला, तर नंबर पुढे सरकत नाही आणि ते बदल कधीच दिसत नाहीत. औषधांत एक्सपायरीचा माल परत येणं हे रोजचं आहे.

तिसरी वाट मला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत आवडली होती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रोव्हर्जन’ नावाचा रकाना घालता येतो. ओळ नवी आली किंवा बदलली की त्याचा आकडा आपोआप वाढतो, घड्याळाशी त्याचा संबंधच नसतो. पण त्यासाठी बिलिंग सॉफ्टवेअरच्या टेबलात रकाना वाढवावा लागला असता. ते टेबल आमचं नव्हतं. उद्या त्यांचा अपडेट आला आणि बिलं बनायची थांबली, तर तीन शाखांचे काउंटर बंद. जे आपलं नाही त्यात खिळा ठोकू नये म्हणून ही वाट सोडली, आणि आजही ते बरोबर वाटतं.

दर तासाला चालू महिना पूर्ण आणायचा, हा चौथा. अक्कल कमी लागते आणि चूक राहत नाही. पण चंद्रपूरची लाइन अशी, की महिनाअखेरीला एक खेप संपायच्या आत दुसरी सुरू झाली असती.

पाचवा पर्याय म्हणजे ‘मागची वेळ’ हे व्हेरिएबल ठेवायचं, पण ते भरायचं कसं हे बदलायचं. हा घेतला.

काय केलं

आधी वेळ कुणाची, ते बदललं. नागपूरचं घड्याळ क्वेरीतून काढून टाकलं. आता इम्पोर्ट झाल्यावर, त्या खेपेत शाखेकडून आलेल्या ओळींतली सर्वांत मोठी बदलाची वेळ घेतली जाते आणि तीच त्या शाखेची ‘मागची वेळ’ होते. चंद्रपूर दोन मिनिटं मागे असो की दहा, त्याच्याच घड्याळाने त्यालाच विचारायचं.

मग मागे सरकून विचारायचं ठरलं. क्वेरी त्या वेळेच्या ३० मिनिटं आधीपासून मागते, आणि ‘पेक्षा मोठी’ऐवजी ‘तेवढी किंवा मोठी’ म्हणते. अर्धा तास का? बिल उघडून गिऱ्हाईक बोलत बसलं आणि दहा मिनिटांनी सेव्ह केलं, तर वेळ कुठली पडते, अशी मला शंका होती. गोंदियात एक बिल उघडून ठेवलं, दहा मिनिटं थांबलो, सेव्ह केलं. वेळ सेव्हची पडली. म्हणजे पाच मिनिटांतही भागलं असतं. तरी अर्धा तास ठेवला, कारण जास्तीच्या चार ओळी आणायला काही पडत नाही.

अर्थात मागे सरकलं की तीच बिलं पुन्हा येणार. म्हणून मध्यवर्ती टेबलात ‘बिल असेल तर सुधारा, नसेल तर घाला’ ही सोय केली, पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ने हे एका वाक्यात होतं. त्याला किल्ली लागते, म्हणजे दोन ओळी एकच बिल आहेत हे कशावरून ओळखायचं. मी शाखा आणि बिल नंबर म्हटलं. काका शेजारीच बसले होते. त्यांना डेटाबेसातलं काही कळत नाही असं ते स्वतः सांगतात. “मग १ एप्रिलला काय कराल?” त्यांनी विचारलं. बिल नंबर फक्त एका आर्थिक वर्षापुरता एकमेव असतो, जीएसटीचा नियम ४६ ही तेवढंच मागतो. माझ्या किल्लीने यंदाच्या १ नंबरच्या बिलाने गेल्या वर्षीचं १ नंबरचं बिल पुसून टाकलं असतं, आणि मग पुढे एकामागून एक. आर्थिक वर्ष किल्लीत घातलं. त्या एका प्रश्नाची फी मी काकांना द्यायला हवी होती.

वर्षाचा प्रश्न निघाला तसा डेटाबेसच्या नावाचाही निघाला. दरवर्षी नवा डेटाबेस म्हणजे क्वेरीत त्याचं नाव हेही व्हेरिएबलच. पण डेटाबेसचं किंवा टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून पाठवता येत नाही, पॅरामीटर फक्त किमतींच्या जागी चालतो. नाव मजकुरातच जोडावं लागतं, आणि जोडलेला मजकूर म्हणजे कुणी काहीही घुसवायला उघडं दार. म्हणून नाव बाहेरून कुठूनच येऊ द्यायचं नाही. मान्य नावांची एक छोटी यादी केली, तिच्यात असेल तरच क्वेरी बनते. एप्रिलमध्ये दोन्ही वर्षांचे डेटाबेस वाचायचे हेही तेव्हाच ठरलं, कारण ३१ मार्चच्या बिलाची पोच ३ एप्रिलला येते.

‘मागची वेळ’ आता बिलांसोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिली जाते, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. बिलं घालताना मध्येच काही तुटलं तर वेळही पुढे सरकत नाही. पूर्वी या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या, आणि पहिली फसून दुसरी झाली असती तर एक अख्खा तास गेला असता. तसं झालं नव्हतं, एवढंच माझं नशीब.

नव्या शाखेला ‘मागची वेळ’ नसतेच, ती नल, म्हणजे रिकामी, असते. कुठल्याही वेळेची नलशी तुलना केली की उत्तर हो नसतं आणि नाहीही नसतं. त्यामुळे एकही ओळ येत नाही आणि इम्पोर्ट पुन्हा ‘यशस्वी’. म्हणून नल आढळला तर चालू आर्थिक वर्षाची १ एप्रिल धरायची.

आणि ‘यशस्वी’ हा शब्द नोंदीतून काढला. आता प्रत्येक खेपेची ओळ अशी दिसते: शाखा, कधीपासून मागितलं, कुठपर्यंतचं मिळालं, किती ओळी. व्हेरिएबलची प्रत्यक्ष किंमत डोळ्यांसमोर असली तर चूक आठवड्यात दिसते. माझी महिनाभर दिसली नाही, कारण मी ती किंमत कुठेही छापतच नव्हतो.

९ जूनला, रविवारी, दुकानं बंद असताना घड्याळं जुळवली आणि पूर्ण मे महिना पुन्हा आणला. अट लिहिली ‘१ मे पासून, १ जूनच्या आधी’. ‘१ मे ते ३१ मे’ लिहिलं असतं तर ३१ तारखेच्या मध्यरात्री, म्हणजे तो दिवस उजाडायच्या आतच, क्वेरी थांबली असती आणि अख्खा शेवटचा दिवस राहिला असता. आणि तसं झालं असतं तर सोमवारी काकांना मी काय तोंड दाखवलं असतं! चंद्रपूर २,३१०. गोंदियाची मालिकाही भरली. १० तारखेला विवरण गेलं.

पुढे काय झालं

या सगळ्यावर एक रात्रीची मोजणी बसवली. प्रत्येक शाखेच्या गेल्या ३५ दिवसांसाठी, दिवसागणिक: बिलं किती, रक्कम किती, पहिला नंबर, शेवटचा नंबर. शाखेचा आकडा आणि नागपूरचा आकडा जुळला नाही तर तो दिवस पूर्ण पुन्हा येतो, आणि निरोप मला आणि काकांना दोघांनाही जातो. दोघांना हे भाऊंनी सांगितलं. बरोबर सांगितलं.

ऑगस्टमध्ये ती कामी आली. गोंदियात रात्रभर वीज नव्हती, सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला तो २००९ सालात. बटन सेल गेलेला. दुपारपर्यंतची बिलं २००९ च्या वेळेने पडली, आणि माझी सुधारलेली क्वेरी त्यांच्याकडे बघणारही नव्हती. रात्रीच्या मोजणीत नंबर कमी भरले, निरोप आला, बिल नंबरवरून ती ओढून घेतली. उलटं झालं असतं, घड्याळ २०४२ मध्ये गेलं असतं, तर शाखेची सर्वांत मोठी वेळ २०४२ झाली असती आणि त्यानंतर एकही बिल कधी आलं नसतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी एक कुंपण घातलं: शाखेची वेळ नागपूरच्या वेळेपेक्षा दहा मिनिटांहून पुढे दिसली तर इम्पोर्ट थांबतो आणि ओरडतो. नागपूरचं घड्याळ परत आणलं खरं, पण राखणदार म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

वेळापत्रक बदलताना क्वेरी पुन्हा वाचायला हवी होती. ‘क्वेरीला हात लावला नाही’ याचा अर्थ क्वेरी तीच राहिली असा होत नाही. रात्री ११ ची क्वेरी आणि दुपारी १ ची क्वेरी अक्षरं सारखी असली तरी वेगळ्या आहेत, कारण एकीच्या वेळी काउंटरवर कुणी नसतं आणि दुसरीच्या वेळी रांग असते.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट होती, आणि ती त्यांनीच नंतर काढून दाखवली. चंद्रपूरची रोख रोज बँकेत भरली जाते. मे महिन्याचा भरणा नागपूरच्या डेटाबेसातल्या रोख विक्रीपेक्षा जास्त होता, बरोबर त्या ६९ बिलांच्या रकमेइतका. बँकेचं मिळवणीचं काम एक आठवडा मागे पडलं होतं म्हणून ते गुरुवारी समोर नव्हतं. पैसे खाणारा माणूस खाल्लेले पैसे मालकाच्या खात्यात भरत नाही. बँकेचा एक कागद त्या संध्याकाळी टेबलावर असता तर माझ्या यादीची गरजच पडली नसती.

आणि गुरुवारचा फोन. तो मी करायला हवा होता. माझा अंदाज चुकीचा निघाला असता तर माझे दोन दिवस गेले असते. तो बरोबर असूनही मी गप्प राहिलो, तर दुसऱ्या कुणाचे गेले.

दादा अजून चंद्रपूरच्या काउंटरवर आहेत. त्या जूनपासून दर रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी काकांच्या व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा एक फोटो येतो. निळ्या शाईत तीन ओळी: पहिला बिल नंबर, शेवटचा बिल नंबर, एकूण रोख. खाली सही. हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. एकदा काका म्हणाले, आता नका पाठवू, इकडे आपोआप मोजणी होऊन राहिली. दुसऱ्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी फोटो आला.